डब्यातला आवाज

मला त्या हेडफोनच्या गाद्यांची किळस येते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही गोड बोलेन अशी आशा कुणी ठेवणार नाही. काळ्या मखमली गाद्या, बाहेरून श्रीमंत, आणि नाकाजवळ नेल्या की घाम, केसांचा कलप आणि कानातला मळ यांचा एकत्र वास. माझा भाचा वीरेंद्र त्या मऊ ब्रशाने झाडतो आणि लाकडाच्या गुळगुळीत मुंडक्यांवर चढवून ठेवतो. माडीवरच्या त्याच्या खोलीत अशी मुंडकी भिंतीला ओळीने मांडलेली आहेत. त्यांना डोळे नाहीत, तोंड नाही. झाडायला गेले की मी त्यांच्याकडे पाठ करून झाडते.

आमचं घर वाशीमच्या बाहेर, रिसोडच्या रस्त्याला, मळ्यातच आहे. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे तोडायचं आणि बाजारात पोचवायचं. माझा भाऊ नथ्थू असेपर्यंत मळा त्याने सांभाळला. आता त्याची सून ज्योत्स्ना सांभाळते. मी लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी आले, शाळेत शिकवलं आणि नथ्थूच्या या एकुलत्या पोराला, वीरेंद्रला, अंगाखांद्यावर वाढवलं. त्याची मुलगी समीक्षा नऊ वर्षांची आहे. घरात एवढीच माणसं.

वीरेंद्रने मळ्याला कधी हात लावला नाही. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्याने डीजे चालवला. ट्रकभर पेट्या घेऊन लग्नांच्या वरातींपुढे जायचं आणि त्या पेट्यांना पाठ टेकून उभं राहायचं. त्याची वरात आमच्या रस्त्याने गेली की मांडणीवरचे पेले चालत चालत कडेला येत आणि खाली पडत. माझ्या छातीत कुणी मुसळ घालतंय असं वाटे. माझ्या लग्नात एक सनई होती आणि एक संबळ. दोन शेतं ओलांडून विहिरीवरच्या बायकांनी ती ऐकली, आणि कुणाच्या घरचा पेला पडला नाही. हे मी वीरेंद्रला सांगितलं की तो हसायचा. म्हणायचा, "आत्या, तुह्या टायमाले लोकं बहिरे नोते, आता हायत."

पुढे डीजेचा धंदा बसला. पेट्या विकल्या आणि त्याने हे हेडफोनचं खूळ घेतलं. निरनिराळे महागडे हेडफोन मागवायचे, कुठला कसा वाजतो ते पाहायचं, कुठल्याला किती ताकदीचा ॲम्प्लिफायर लागतो ते ठरवायचं आणि त्याचा व्हिडिओ करून मोबाइलवर टाकायचा. नागपूरचा प्रसेनजित नावाचा एक दुकानदार त्याला माल वापरायला पाठवतो. वीरेंद्रचं बोलणं लोकांना आवडतं, कारण तो पुस्तकी बोलत नाही. मलाही त्याने असंच समजावलं होतं.

"आत्या, मोटर अन पाइप समज. हा हेडफोन म्हनजे बारीक पाइप. याच्यातून पानी काढाचं तं दाब पाहिजे. अन हा दुसरा, याच्यात पातळ पडदा असते. हा म्हनजे रुंद पाट. याले दाब नाई, धार पाहिजे, भरपूर. मोबाइलच्या जिवावर दोन्ही मरतेत. म्हनून ॲम्प्लिफायर."

"मंग आता हा तिसरा काहून आनला? पहिले दोन काय भाजीले फोडनी द्याले ठेवले?"

"थे कमजोर हायत. वरचा आवाज मरते त्याइच्यात. झांज वाजवली तं वाटते कोनं टोपल्याखाली वाजवून राह्यलं."

कुठलाही नवा हेडफोन आला की पहिले दोन दिवस तो त्याचं कौतुक करायचा. मग त्याचाही आवाज टोपल्याखाली जायचा. मग आणखी ताकदीचा ॲम्प्लिफायर यायचा. गेल्या वर्षी काचेच्या नळ्यांचा एक आला. नळ्या निखाऱ्यासारख्या लाल होत. त्यात मोटारीची घरघर ऐकू येते म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी तो विहिरीवरची मोटर बंद करायला लावायचा. शेतीची लाइट येते ती ठरावीक तास. त्यातले दोन तास त्याच्या कानांना गेले की वांग्याच्या रोपांनी माना टाकल्याच. ज्योत्स्ना पाटावर उभी राहून माडीकडे बघायची आणि थुंकायची. मला तिचं थुंकणं पटायचं.

एकदा मी तो हेडफोन डोक्याला लावून पाहिला, खोटं कशाला सांगू. वीरेंद्र उठून गेला होता, त्याचं गाणं चालूच होतं. कानाखाली कुणी सणसणीत लगावावी तसं झालं. मी तो ओढून काढला. समीक्षा हसली आणि तिने ॲम्प्लिफायरचं बटण पार खाली फिरवलं.

"आता लाव, आत्याआजी."

आता सनई होती. वादकाने श्वास घेतला तो मला ऐकू आला. सुराआधीचा तो श्वास. माझ्या लग्नातल्या सनईवाल्याचे फुगलेले गाल मला दिसले, त्याच्या मिशीवरचा घामसुद्धा. मग समीक्षाने दुसरा लावून दिला, बंद पाठीचा. त्यात तीच सनई खोलीत कोंडल्यासारखी वाटली. पहिल्यात ती मांडवात होती. म्हणजे फरक आहे, वेड्याचा बाजार नाही, हे मी मान्य करते. पण एक गोष्ट मनात राहिली. समीक्षाच्या बटणावर सनई होती आणि वीरेंद्रच्या बटणावर थप्पड. तेव्हा वाटलं, आजकालच्या माणसांना असंच लागत असेल.

आता माझ्या किळसेचं खरं कारण सांगते. ते गाद्या नव्हत्या.

वीरेंद्रने पोरीला व्हिडिओत बसवायला सुरुवात केली. समीक्षाच्या तोंडात शब्द चांगले येतात. एका हेडफोनला ती म्हणाली, "हा काकडी मोडल्यावानी वाजते." दुसऱ्याला म्हणाली, "हा शिळ्या भाकरीवानी." लोकांना ते फार आवडलं. मग दर रविवारी पोरगी कॅमेऱ्यापुढच्या स्टुलावर. डोक्याला तेल लावायचं नाही, गाद्या खराब होतात. खोकायचं नाही. आधी वीरेंद्र स्वतः हेडफोन लावायचा, डोळे मिटायचा, बटण फिरवत फिरवत आपल्याला हवं तिथे आणायचा, आणि मग तोच हेडफोन, त्याच बटणावर, पोरीच्या डोक्यावर. ती दचकायची आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायची. आपल्या बापाला कसं हसलेलं हवं हे तिला कळलं होतं. बाजारात म्हैस सजवून उभी करतात, तिचं मला इतकं वाईट वाटत नाही.

भाद्रपदात तिने मला विचारलं, "आत्याआजी, आपल्या घरात रातकिडे कुठीसे हायत?"

"काहून वं?"

"रविवारी रात्री लय बोलतेत. सकायी शाळेतबी बोलतेत."

शाळेत रातकिडे बोलत नाहीत. मी ज्योत्स्नाला सांगितलं, ज्योत्स्नाने नवऱ्याला. तो भडकला.

"तुमाले काय समजते? लहान लेकराचे कान लय पक्के असतेत. मी इतके वर्स डीजेपुढे उभा राह्यलो, मले काय झालं?"

"तुमचं तुमच्यापाशी. पोट्टी नाई बसन," ज्योत्स्ना म्हणाली.

"माह्या घरात मलेच सांगतं? कोजागिरीले प्रसेनजित सोता येऊन राह्यला. सगळ्यात मोठा हेडफोन, सगळ्यात मोठा ॲम्प्लिफायर. समीक्षा नसन तं कोन पाहते माहं थोबाड?"

मी म्हटलं, "वीरू, पोरीचा कान गेला तं कोन्या दुकानातून मागवशीन?" तर म्हणाला, "आत्या, तू आपली भुलाबाई पाह्य." मी जिना उतरले.

भुलाबाईचं मात्र मला पाहायचंच होतं. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीची भुलाबाई आणि भुलोजी आमच्या ओसरीत बसतात ते कोजागिरीपर्यंत. संध्याकाळी आजूबाजूच्या पोरी येतात, गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखतात. खाऊ डब्यात झाकलेला असतो. घरची बाई डबा हालवते आणि पोरी नुसत्या आवाजावरून सांगतात. फुटाणे खडखडतात, मुरमुरे खसखसतात, करंजी धपकन आपटते. पूर्वी सगळ्या पोरी डब्याला कान लावून बसत, आणि ज्या घरचा खाऊ ओळखता आला नाही त्या घरच्या बाईला आठवडाभर मान असे. मी शिक्षिका होते तरी या कामात लबाड होते. एका वर्षी मी डब्यात लुगड्याचा धडपा कोंबला आणि मधे लाडू ठेवला. हालवलं तर आवाजच नाही. पोरी हरल्या. उंबऱ्यावर वीरेंद्र बसला होता, पाचसहा वर्षांचा. पोरांना यात घेत नाहीत, पण त्याचा कान असा की सगळ्यांच्या आधी ओळखायचा आणि त्याने गप्प राहावं म्हणून पोरी त्याला पहिला वाटा देत. तो म्हणाला, "आत्यानं कपडा कोंबला. आवाज नाई म्हनजे कपडा हाय." काय अभिमान वाटला होता मला त्याचा!

कोजागिरीच्या दिवशी प्रसेनजित आला. तिशीतला, स्वच्छ कपड्यांचा, हळू बोलणारा. त्याने चामड्याच्या पेटीतून ते नवं धूड काढलं. हेडफोन कसला, डोक्यावर ठेवायचं जोखडच. ॲम्प्लिफायर दोघांनी धरून माडीवर नेला. पोरी जमल्या होत्या, गाणी सुरू होणार होती. तेवढ्यात वीरेंद्रला नवी कल्पना सुचली.

"प्रसेनजितभाऊ, आपन व्हिडिओची सुरवात इथूनच करू. आमच्या इकडे लेकरं डब्याच्या आवाजावरून खाऊ ओळखतेत. कानाची परीक्षा! मी ओळखतो, मंग समीक्षा, अन मंग दोघं वर जाऊन हेडफोन ओळखतो. कसं?"

"झकास आहे," प्रसेनजित म्हणाला आणि कॅमेरा घेऊन उभा राहिला.

माझ्या ओसरीत, माझ्या भुलाबाईपुढे, त्या मखमली गाद्यांची जाहिरात होणार होती. मी नाही म्हणणार होते. पण पोरी खुशीत ओरडायला लागल्या, त्यांना मोबाइलमध्ये दिसायचं होतं. मी डबा आणायला आत गेले.

त्या दिवशी मी काहीच लबाडी केली नव्हती, हे इथे लिहून ठेवते. रात्रीच्या दुधासाठी काढलेली साखर होती, तीच स्टीलच्या डब्यात ओतली. लहान पोरी होत्या, त्यांनाही जिंकू द्यावं म्हणून सगळ्यात सोपा खाऊ घेतला. साखर डब्यात कशी सरसरते हे कुणाला माहीत नसतं?

गाणी झाली. वीरेंद्र पाटावर बसला. पोरींना म्हणाला, "कोनी बोलाचं नाई बरं. पयले मी." हेडफोनच्या वेळी मिटतो तसे त्याने डोळे मिटले. मी डबा हालवला. समीक्षा माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "साखर." दोघीतिघी तोंडावर हात धरून हसल्या.

वीरेंद्रने डोळे मिटूनच मान डब्याकडे पुढे काढली.

मी आणखी हालवला, जरा जोरात.

त्याने डोळे उघडले आणि मोठ्याने हसला. "हे पाहा, प्रसेनजितभाऊ! हे आमची आत्या! लहानपनची खोड नाई गेली अजून. कपडा कोंबला डब्यात! आवाजच नाई. आवाज नाई म्हनजे कपडा हाय!" आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघत राहिला, पाच वर्षांच्या तोंडाने.

पोरींना वाटलं तो गंमत करतोय. त्या खदाखदा हसल्या. समीक्षाने माझ्या हातातला डबा घेतला आणि त्याच्या कानाशी नेऊन हालवला. "पप्पा, कायचा कपडा? आइका ना, सर्रर्र करून राह्यली!"

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग डब्याकडे. "काय सर्रर्र करून राह्यली?"

मी झाकण काढलं.

पोरींचं हसू एकेक करून थांबलं. प्रसेनजितने कॅमेरा खाली केला. मग त्याने हळू आवाजात विचारलं, आणि वीरेंद्रला ते दोनदा विचारावं लागलं, "वीरेंद्रभाऊ, व्हिडिओत पोरीसाठी आवाज कोण लावतं? तुम्ही की ती स्वतः?"

"मीच लावतो. काहून?"

ज्योत्स्नाच्या हातात दुधाचं पातेलं होतं. तिने ते खाली ठेवलं, समीक्षाला जवळ ओढलं आणि तिचे दोन्ही कान आपल्या तळव्यांनी झाकले, जसं काही ते आत्ता कुणी नेणार होतं.

वीरेंद्र उठला. "चाल समी, वर. रेकॉर्डिंग राह्यलं."

ज्योत्स्ना जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभी राहिली. "पोट्टी वर नाई जानार."

"अवं, एका डब्यावरून..."

"वर जाचं तं माह्या अंगावरून जा."

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझं वय पाहता मला ढकलायला फार जोर लागला नसता. पण तो आमच्या मधून, अंग चोरून, एकटाच वर गेला. थोड्या वेळाने गाणं सुरू झालं. ते त्याने डोक्याला लावलेल्या हेडफोनमधलं गाणं होतं आणि ते आम्हाला जिन्यात उभ्यांना शब्द न् शब्द ऐकू येत होतं. इतका आवाज त्याच्या डोक्यात ओतला जात होता, आणि इतकाच माझ्या नातीच्या डोक्यात ओतला गेला होता, दर रविवारी. प्रसेनजित दूध न पिताच निघाला. जाताना ज्योत्स्नाला म्हणाला, "वहिनी, मला माहीत नव्हतं. पोरीला कानाच्या डॉक्टरकडे न्या." नागपुरात बसून त्याने ते सगळे व्हिडिओ पाहिले होते, पोरगी दचकते तेही पाहिलं होतं. माहीत नव्हतं म्हणे!

सकाळी मी चुलीपाशी होते. वीरेंद्र येऊन उंबऱ्यावर बसला, लहानपणी बसायचा तसाच.

"आत्या, कपडा नोता?"

"नोता."

"मले फसवाले तं काही केलं नोतं ना?"

"भुलाबाईची आन."

"डबा आन."

मी कालचा डबा आणला. साखर तीच होती. तो डोळे मिटून बसला. ज्योत्स्ना पहाटेच मेथी घेऊन बाजारात गेली होती, घरात अगदी शांत होतं. मी डबा हालवू लागले. साखर सरसरत होती, मागच्या खोलीपर्यंत जाईल अशी.

"हालव ना, आत्या," तो म्हणाला.

"हालवूनच राह्यली, बाप्पा."

त्याने डोळे उघडले आणि माझा हात पाहिला. तरी मी तो थांबवला नाही, का कोण जाणे. समीक्षा शाळेचा फ्रॉक घालून आली होती. तिला त्याने विचारलं, "तुह्या कानात रातकिडे बोलतेत म्हने?"

"आता कमी झाले. तुमच्या नाई बोलत का?"

"बोलतेत. मले वाटे सगयाईच्याच कानात बोलतेत."

त्याच आठवड्यात ज्योत्स्नाने दोघांनाही अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. पोरीचे कान वाचले. थोडक्यात वाचले, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते थोडक्यात मी वीरेंद्रला विसरू देत नाही. त्याच्या कानातला वरचा आवाज, झांजेचा, साखरेचा, कधीच गेला होता, सगळ्या हेडफोनांच्या आधी, सगळ्या ॲम्प्लिफायरांच्या आधी, त्या पेट्यांना पाठ टेकून उभा राहायचा तेव्हाच. इतकी वर्षं तो ज्या ज्या यंत्राला कमजोर म्हणाला, ते धडधाकट होतं.

पोरगी आता स्टुलावर बसत नाही. ते स्टूल ज्योत्स्नाने विहिरीवर नेलं, भाजी धुवायला. वीरेंद्र मात्र सुधारला असं कुणी समजू नये. त्याला कानात घालायची यंत्रं मिळाली, तर महिनाभरात तो त्यांचीही तुलना करू लागला. "आत्या, याचा आवाज पत्र्यावानी हाय, थ्याचा बरा होता." ती यंत्रं तो कुठेही काढून ठेवतो. परवा दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली होती, मळासकट. मी चिमट्याने उचलली आणि त्याच्या ताटात टाकली.

तेवढ्यात समीक्षा डबा घेऊन आली. भुलाबाईचे दिवस संपले तरी हल्ली ती हे रोज करते. त्याने ती यंत्रं माझ्या वाळत घातलेल्या लुगड्याला पुसली, कानात घातली आणि डोळे मिटले. तिने डबा हालवला.

"फुटाने," तो म्हणाला.

"नाई, पप्पा. मुरमुरे."

"पुन्हा हालव."